छोट्या गाळ्यासाठी पोर्टेबल टेबल सॉ : आधी फेन्स बघा, वॉट नंतर

गुण्या_भांडुप :
मंडळी, भांडुपला माझा 10 बाय 12 चा गाळा आहे, सिंगल फेज, एकच पॉवर प्लग. किचन ट्रॉल्या, ड्रॉवर, पोरांची स्टडी टेबलं अशी कामं करतो. तीन वर्षं प्लायच्या टेबलाखाली हातातला कटर उलटा बसवून चालवला, आता टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर येणारं कापायचं मशीन, घ्यायचाच. दोन शनिवार मुंबईतला हत्यारांचा बाजार, नागदेवी स्ट्रीट, पालथी घातली, जिथे जाल तिथे पहिलं वाक्य एकच, "साहेब, एवढे वॉट कोणी देत नाही". माझं मत, वॉट राहू दे, आधी फेन्स बघा, म्हणजे लाकूड टेकवून सरळ ढकलायची ती पात्याशेजारची सरकती पट्टी. मी स्टीलची पट्टी घेऊनच गेलेलो. प्लग काढलेल्या मशीनवर पात्याच्या एका दाताला पेनाने खूण केली, तो दात पुढे आणून फेन्सपर्यंत माप घेतलं, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि परत मोजलं. एका स्वस्त मशीनला फेन्स मागच्या बाजूला दोन एमएम आत. म्हणजे लाकूड पातं आणि फेन्सच्या मधे चेपणार, कड काळी पडणार आणि एखाद दिवशी तुकडा थेट अंगावर. सोडून परत लावली तर तिसरंच माप. रॅक अँड पिनियनवाली फेन्स मात्र पाच वेळा सरकवली, पाचही वेळा माप तेच, कारण तिची पुढची-मागची टोकं दात्यांवर एकदम सरकतात.
आतेभाऊ न्यू जर्सीहून येतोय, तो म्हणतो डिवॉल्ट कंपनीची सव्वाआठ इंची पात्याची डीडब्ल्यूई 7485 आणतो. तिला तीच रॅक अँड पिनियनवाली फेन्स, वजन 22 किलोच्या आसपास, फेन्स पात्यापासून साडेचोवीस इंचापर्यंत जाते. माझ्या बेस युनिटची (ओट्याखालच्या कपाटाची) साइड 22 इंच, मला पुरे. घेऊ ना?

पटाशी :
भावा, तुझा प्रश्न मशीनचा नाही, जागेचा आहे. आठ फुटी प्लाय लांबीत चिरायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात, तुझा गाळाच 12 फुटांचा. 19 एमएमची शीट 35-40 किलोची, ती एकटा त्या एवढ्याशा टेबलावर ढकलणार कशी? शीट थर्माकोलवर जमिनीला टाक, ट्रॅक सॉ घे, म्हणजे लाकडावर ठेवलेल्या सरळ पट्टीवरून सरकणारा कटर, लाकूड जागेवर राहतं आणि मशीन चालतं. शिवाय व्हॅक्यूम जोडला की भुसा बराचसा पाइपातच जातो. पोर्टेबल टेबल सॉला खालून भुसा मोकळाच पडतो, बंद गाळ्यात तो तुझ्याच छातीत जाणार. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकलंय. मी टेबल सॉ घेऊन वर्षभरात विकला.

गुण्या_भांडुप :
भुशाचं एकदम मान्य, मास्क आणि व्हॅक्यूम दोन्ही करतो. पण शीट मी गाळ्यात चिरतच नाही, प्लायवाल्याकडूनच 23 इंचाच्या पट्ट्या मारून आणतो. माझं खरं काम त्याच्या पुढचं आहे, एका किचनला 40 ड्रॉवरच्या साइड, सगळ्या बरोब्बर चार इंचाच्या. ट्रॅकवर प्रत्येक पट्टीला दोन खुणा, ट्रॅक लावा, दाबा, कापा, आणि चाळिसावी पट्टी पहिलीशी जुळेल याची खात्री नाही. अर्धा एमएम फरक पडला की ड्रॉवर चॅनलमधे अडकतो आणि गिऱ्हाईक फोटो पाठवतं. टेबल सॉवर फेन्स एकदा लॉक, चाळीसच्या चाळीस सारख्या.

सागवान :
मी दोघांच्याही विरोधात. पोर्टेबलची युनिव्हर्सल मोटर म्हणजे कानठळ्या, शेजारचे गाळेवाले रोज भांडायला येतील. इंडक्शन मोटरची, कास्ट आयर्न टेबलवाली जुनी मशीन शोध. वजनामुळे हलत नाही, थरथर नाही, दोन इंची सागाला न कुरकुरता चिरते. एकदा घेतलीस की मुलापर्यंत चालेल.

गुण्या_भांडुप :
काका, ती मशीन ठेवली की मी गाळ्याबाहेर उभा राहायचं. आणि जून ते सप्टेंबर कास्ट आयर्नचं काय होतं ते सांगा ना, चार दिवस सुट्टी घेतली की टेबलावर लाल थर. पोर्टेबलचं टेबल अल्युमिनियमचं, ते गंजत नाही. वर तुमची इंडक्शन मोटर चालू होताना इतका करंट खेचते की माझा एमसीबी पडेल. आवाजाचं मात्र तुमचं बरोबर आहे.

वायरमन_दादर :
आतेभावाला थांबव! ते मशीन 120 व्होल्टचं आहे, 15 अँपिअर खेचतं. इथल्या 230 ला लावलंस तर मोटर जळाली समज. म्हणजे निदान दोन-तीन केव्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला, तो उचलून बघ एकदा. दुसरं, पात्याचं होल. अमेरिकन मशीनला पाच अष्टमांश इंच, आपल्याकडे दहा इंची पाती 25.4 किंवा 30 एमएम होलची. दर वेळी पात्यासाठी न्यू जर्सीला फोन करणार का?

सायली_सुतार :
सगळे फेन्स आणि मोटरवर बोलताय, रायव्हिंग नाइफवर कोणीच नाही. माझे बाबा सुतार, 30 वर्षं उलट्या कटरवर काम केलं. ओल्या लाकडाची पट्टी चिरताना चीर मागे मिटली, पात्याने पट्टी उचलून फेकली आणि सावरायला गेलेला डावा हात पात्यावर गेला. अंगठ्याचं पेर गेलं. अजून शर्टाचं बटण लावताना आई मदत करते. रायव्हिंग नाइफ म्हणजे पात्याच्या मागची ती पोलादी पट्टी, पात्याबरोबर वरखाली होते आणि चीर मिटू देत नाही, उलट्या कटरला ती नसतेच. दादा, दुकानात ती काढून तिच्यावर कोरलेली जाडी वाच. पात्याच्या दातांची रुंदी तिच्यापेक्षा जास्त पाहिजे आणि पात्याची चकती तिच्यापेक्षा पातळ. मी एकदा स्वस्तातलं पातळ पातं लावलं, प्लाय नाइफवर येऊन अडकला, आणि हेल्परने काय केलं तर नाइफच काढून ठेवली. त्या दिवशी मशीनच बंद केलं मी.

पटाशी :
ताई, म्हणूनच ट्रॅक सॉ म्हणतोय, तिथे हात पात्याच्या वाटेत येतच नाहीत.

सायली_सुतार :
पटाशीदादा, तीन इंची पट्टी ट्रॅकखाली धरायला गेलात की येतात. अरुंद तुकडा टेबल सॉवर पुश स्टिकनेच (ढकलायच्या काठीनेच) ढकलायचा, पण ट्रॅक सॉला तसल्या तुकड्यावर ट्रॅक टेकायला जागाच उरत नाही.

गुण्या_भांडुप :
आतेभावाला मेसेज टाकला, आणू नको म्हणून. वायरमनदादा, वाचवलंत. आता 230 व्होल्टची दहा इंचीच बघतो, पण रॅक अँड पिनियन नसेल तर पट्टीची परीक्षा पास झाल्याशिवाय घेणार नाही, मग ती कितीही वॉटची असो. सायलीताई, नाइफची जाडी मोजायला व्हर्निअर बरोबर नेतोय. प्लायसाठी 60 दाती पातं घ्यायचंय, दातांची रुंदी पाकिटावर खरी छापणारा दुकानदार नागदेवीला कोणी ओळखत असेल तर शुक्रवार रात्रीपर्यंत सांगा.