'कवळा' की 'कवला', आणि 'मिकी माऊस' का?

प्रश्न : भाद्रपदात पाहुण्यांना घेऊन कासच्या पठारावर गेलो होतो. पिवळ्या फुलांच्या ताटव्याकडे बोट दाखवून वाटाड्याने 'हा मिकी माऊस' असे सांगितले. हातातील पुस्तिकेत त्याच फुलाखाली 'कवला' असे छापले होते, आणि महाडकडून सातारला सून होऊन आलेली माझी आजी आषाढात जी रानभाजी करीत असे, तिला ती 'कवळा' म्हणे. ही एकच वनस्पती आहे काय, आणि 'कवळा' म्हणजे 'कोवळा' असे समजावे काय?

उत्तर : जात (species) एक नसली, तरी प्रजाती (genus) एकच आहे, आणि तिचे शास्त्रीय नाव 'स्मिथिया'. कासवर पठार पिवळे करणारी वर्षायू शेंगवर्गीय वनस्पती बहुधा स्मिथिया हिर्सुटा असते. वरच्या मोठ्या पाकळीच्या, म्हणजे ध्वजाच्या तळाशी दोन लाल ठिपके असतात, त्यांवरून ती ओळखावी. भाजीचा तो 'लहान कवळा', म्हणजे स्मिथिया सेन्सिटिव्हा, ज्याची बारीक पाने स्पर्शाने मिटतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला ज्यांचे नाव आहे, त्या शं. पु. आघारकरांच्या नावाचीही एक स्मिथिया कासवर आढळते, याचे मला फार अगत्य वाटते.

'कवला' हे रूप मात्र मी टाळतो. रोमन लिपीत ल आणि ळ यांचा भेद राहत नाही. त्यामुळे इंग्रजी वनस्पतिसूचीतून नाव पुन्हा देवनागरीत आणताना ळकार हरवतो. आपल्या आजीचा उच्चार हाच येथे प्रमाण मानावा.

'कोवळा'विषयी थोडे सावध राहावे लागेल. आपल्याकडे बोलीत 'कवळी काकडी', 'कवळं ऊन' असे सर्रास म्हणतात, आणि ही भाजी फुलण्यापूर्वी शेंडे खुडूनच करतात, त्यामुळे दोन्ही शब्द एकच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खुडायच्या तर सगळ्याच रानभाज्या कोवळ्या. एवढ्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. वापरात तरी भेद स्पष्ट आहे : विशेषण लिंगाप्रमाणे बदलते, तर वनस्पतीचे नाव पुल्लिंगी नाम म्हणूनच राहते. 'कवळी भाजी' म्हणजे कोणतीही कोवळी भाजी, 'कवळ्याची भाजी' म्हणजे हीच. मिठी मारणे या अर्थाचे 'कवळणे' येथे आणू नये.

दुसरे उत्तर (सांगलीहून) : वाटाड्याने सांगितलेल्या 'मिकी माऊस' या नावाला परके मानू नये असे मला वाटते. शाळेच्या सहलीतील मुले ते लाल ठिपके पाहून क्षणात फूल ओळखतात, आणि ओळखलेले फूल तुडवायला त्यांचा पाय सहज धजत नाही.

पहिल्या उत्तराची पुरवणी : मुलांपुरते हे मला मान्य आहे. परंतु ते पात्र पडद्यावर आले १९२८ साली, म्हणजे हे नाव त्याहून जुने असणे शक्य नाही. भाजी खुडणाऱ्या बायकांना त्याची गरज कधी पडली नव्हती. म्हणून फलकावर व लेखात 'कवळा' आधी यावे, 'मिकी माऊस' कंसात. अनेकवचन 'कवळे', सामान्यरूप 'कवळ्या-' : 'पठारावर कवळे फुलले आहेत', 'कवळ्याला शेंगा धरल्या'.