मदत हवी आहे: ट्राउटला चिकटलेला लॅम्प्रे परदेशी की इथलाच?

नमस्कार मंडळी. मिशिगनमध्ये राहतो. शनिवारी ह्युरन सरोवरात मित्रांबरोबर गळ टाकायला गेलो होतो. चांगली मोठी लेक ट्राउट लागली, पण तिच्या कल्ल्यामागे वामेसारखा लांबुळका प्राणी चिकटलेला. ओढून काढला तर खाली गोल, ओली जखम. त्याला जबडाच नाही, नुसती दातांची चकती. डोळ्यामागे ओळीनं सात भोकं. म्हणजे लॅम्प्रे, एवढं कळलं.

बोटवाला म्हणाला, मारून कचऱ्यात टाक. मारला. पण इथले मूळचे लॅम्प्रेही असतात म्हणे, मग सरसकट मारायचे का? हा बर्फात ठेवलाय. ओळखायचा कसा? आणि ट्राउट खाल्ली तर चालेल ना? (मसाला वाटून तयार आहे, लवकर सांगा.)

गळवाला: पाठीवरचे पर बघा. एकच सलग पर, मध्ये जेमतेम खाच, तर इथला सिल्व्हर किंवा चेस्टनट. दोन सुटे पर असतील तर समुद्री. लांबी किती?

धागाकर्ता: सव्वा फूट. पर दोन, मध्ये स्पष्ट फट.

गळवाला: मग समुद्रीच, अटलांटिकचा. नायगारा धबधब्यानं त्याला अडवलं होतं, त्याला वळसा घालणाऱ्या वेलँड कालव्यानं वाट करून दिली. १९२१मध्ये ईरी सरोवरात दिसला, १९३८पर्यंत पार सुपिरियर सरोवर गाठलं. रक्त गोठू न देणारी लाळ सोडून शोषत बसतो. एकेक लॅम्प्रे आयुष्यात १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो. ट्राउटचा धंदा बसला त्यात याचा मोठा वाटा. बोटवाला बरोबर बोलला, असला जिवंत परत सोडायचा नाही.

तुमची शंका मात्र रास्त आहे. १९५८पासून ओढ्यांत टीएफएम नावाचं औषध सोडतात. गाळात वर्षानुवर्षं राहणारी पिल्लं त्यानं मरतात, पण त्यात इथल्या लॅम्प्रेंचीही मरतात. मला ते खटकतं, तरी औषध थांबवा असं म्हणवत नाही.

माशांची आमटी: ट्राउट खा हो! जखम ताजी असेल तर तेवढा भाग कापून टाका. पू किंवा वास असेल तर अख्खी फेका. लॅम्प्रेपेक्षा चरबीची काळजी घ्या, पीसीबी नावाची विषारी रसायनं तिथंच साठतात. कातडी आणि पोटाकडची चरबी काढा. तळण्यापेक्षा जाळीवर भाजा, उरलेली गळून जाते. मुलांना देण्याआधी राज्याच्या आरोग्य खात्याचा या सरोवराचा तक्ता बघा.

धागाकर्ता: कातडी काढायला घेतली. मसाला थोडा कमी लावू का आता?