9 मिमी कॉम्पॅक्ट पिस्तूल: सहाशे गोळ्यांनंतर पडलेले काही प्रश्न

प्रश्न (मध्यमनेम):

गेली चार वर्षे मी क्लबच्या रेंजवर पूर्ण आकाराच्या 9 मिमी पिस्तुलाने सराव करत आलो आहे. तीन महिन्यांपूर्वी मी त्याच काडतुसाचे कॉम्पॅक्ट पिस्तूल घेतले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा आहे की माझा हे अजून ठरायचे आहे. पिस्तुलाचा सांगाडा पॉलिमरचा असून त्याला बाहेरचा घोडा (हॅमर) नाही. नळी सुमारे 102 मिमीची आहे आणि मॅगझिनमध्ये 15 काडतुसे बसतात. आतापर्यंत त्यातून साधारण सहाशे गोळ्या झाडून झाल्या आहेत.

पिस्तूल हातात छान बसते, वजनाला हलके आहे आणि ट्रिगरही वाईट म्हणावा असा नाही. तरीही तीन गोष्टी मला सतावत आहेत. पहिली अशी की, 25 मीटरवर माझ्या गोळ्यांचा घोळका केंद्रापासून दहा-बारा सेंटिमीटर खाली आणि डावीकडे जातो (मी उजव्या हाताने नेम धरतो), पण जुन्या पिस्तुलाने असे होत नाही. नळी आखूड आणि दोन साईटमधले (नेम धरायच्या पुढच्या व मागच्या खुणांमधले) अंतर कमी, हेच त्याचे कारण असावे, असा माझा अंदाज आहे. दुसरी गोष्ट, रिकामे केस (गोळी सुटल्यावर उरणारे काडतुसाचे पितळी कवच) पूर्णपणे बाहेर फेकले न जाता स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, खिडकीत धुराड्यासारखे उभे अडकले, असे आतापर्यंत सात वेळा झाले. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त चक्रावते. मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे अडून राहायला हवी, पण निम्म्याहून अधिक वेळा ती पुढे येऊन बंद होते आणि मी रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढत बसतो.

ज्यांनी या आकाराचे पिस्तूल वर्ष-दोन वर्षे तरी वापरले आहे, त्यांनी आपला अनुभव सांगावा. पिस्तूल दुरुस्तीला पाठवावे, की अजून काही दिवस धीर धरावा?

उत्तर (जुनी_स्लाइड):

दुरुस्तीला पाठवण्याची घाई करू नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन तरी पिस्तुलाच्या नसून हाताच्या असाव्यात, असे मला वाटते, आणि हे मी स्वतः त्याच खड्ड्यात पडून आल्यावर लिहीत आहे.

आधी साईटविषयी, कारण तुमचा अंदाज पुष्कळांचा असतो आणि तो साध्या गणिताने तपासता येतो. या वर्गाचा नमुना म्हणून ग्लॉक 19 घेऊ. ते 1988 मध्ये आले आणि आज कॉम्पॅक्ट म्हणून आपण जो आकार डोळ्यांसमोर आणतो, तो बराचसा त्यानेच रूढ केला. त्याच्या पुढच्या आणि मागच्या साईटमधले अंतर सुमारे 153 मिमी आहे. पूर्ण आकाराच्या ग्लॉक 17 मध्ये ते 165 मिमीच्या आसपास भरते. समजा, पुढची साईट तुमच्याकडून अर्ध्या मिलिमीटरने हलली. 25 मीटरवर ही चूक पहिल्या पिस्तुलात साधारण 82 मिमी होईल आणि दुसऱ्यात साधारण 76 मिमी. म्हणजे आखूडपणामुळे चुकीत जी भर पडते ती सहा मिलिमीटरची. तुमचा घोळका सरकला आहे बारा सेंटिमीटरपर्यंत. शिवाय साईटमधले अंतर कमी झाले तर गोळ्या चारही बाजूंना अधिक पसरतील, त्या एकाच दिशेने जाणार नाहीत. घोळका नेमाने एका कोपऱ्यात पडत असेल, तर त्यामागे नेमाने होणारी एखादी हालचाल असते.

उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली आणि डावीकडे जातात, तेव्हा बहुतेक वेळा ट्रिगर ओढताना केवळ तर्जनी न हलता सगळी मूठच आवळली जात असते, आणि धक्का येण्याच्या आधीच मनगट त्याला उत्तर देऊ लागते. कॉम्पॅक्ट पिस्तुलात हे जास्त उघड होते, कारण पिस्तुलाची मूठ आखूड असल्यामुळे करंगळीला टेकायला जेमतेम जागा उरते, आणि तिची उणीव भरून काढण्यासाठी बाकीची बोटे नकळत अधिक जोर लावतात. अशा पिस्तुलांच्या ट्रिगरला साधारण अडीच किलोचा ओढा लागतो, आणि रिकाम्या पिस्तुलाचे वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास असते. वस्तूच्या वजनाच्या चौपट जोर एका बोटाने लावायचा आणि ती वस्तू जराही हलू द्यायची नाही, असा हा मामला आहे. जड पोलादी पिस्तूल अशा चुका पोटात घालते. हे हलके पिस्तूल त्या लक्ष्यावर लिहून दाखवते.

खात्री करून घ्यायची असेल तर मित्राला मॅगझिन भरायला सांगा, आणि त्यात मधूनमधून दोन-तीन डमी (दारू नसलेली) काडतुसे तुमच्या नकळत घालायला लावा. डमी आल्यावर पिस्तुलाचे तोंड खाली झुकले, तर उत्तर तुमच्या डोळ्यांसमोरच असेल. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा तोंड इतके खाली गेले की मागे उभा असलेला प्रशिक्षक मोठ्याने हसला. त्यानंतर दोन महिने मी रोज दहा मिनिटे रिकाम्या पिस्तुलावर केवळ ट्रिगरचा सराव केला. त्या वेळी काडतुसे त्या खोलीतच ठेवायची नाहीत, हा नियम मी आजही मोडत नाही.

उत्तर (पातळ_तेल):

तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. तुमचा उजवा अंगठा कुठे असतो, ते पाहा. दोन्ही अंगठे पुढे रोखून धरण्याची पद्धत पूर्ण आकाराच्या पिस्तुलावर सवयीची झालेली असते. तीच पकड आखूड मुठीवर घेतली की हात थोडा वर सरकतो आणि अंगठ्याचा मांसल भाग स्लाइड अडवणाऱ्या खटक्यावर येऊन बसतो. मॅगझिन रिकामे झाले की त्यातील पट्टी तो खटका वर ढकलते, पण वरून अंगठ्याचा भार असेल तर तो उचललाच जात नाही आणि स्लाइड पुढे निघून जाते. दुसऱ्या कुणाला तरी तीन-चार मॅगझिने चालवून पाहायला द्या. त्याच्या हातात स्लाइड दर वेळी अडली, तर पिस्तूल निर्दोष आहे.

आणि मॅगझिनांवर रंगाने क्रमांक टाका. हे न करता कोणत्याही अडथळ्याचे कारण शोधणे म्हणजे अंधारात सुई शोधणे आहे.

उत्तर (तीन_तोळे_पितळ):

जुनी_स्लाइड यांचे गणित मान्य आहे. पण सारा दोष हातावर टाकणे मला पटत नाही. केस अडकण्याच्या तक्रारीत यंत्राचाही वाटा असतो, आणि तो समजून घेतला तर कॉम्पॅक्ट पिस्तूल इतके चोखंदळ का असते, ते कळते.

9 मिमी पॅराबेलम काडतुसाचा दाब मोठा असल्यामुळे या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकींत अडकलेल्या असतात. दोघी थोडे अंतर एकत्र मागे जातात, मग नळीचा मागचा भाग खाली झुकतो, अडकण सुटते आणि स्लाइड एकटी मागे जाऊन केस बाहेर फेकते. शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेवरून आलेली ही पद्धत आज जवळपास सगळीकडे दिसते. आता स्लाइड आखूड केली की ती हलकी होते. हलकी स्लाइड अधिक वेगाने मागे येते, आणि तिला आवरायला स्प्रिंग तुलनेने कडक ठेवावी लागते. अशा वेळी काडतूस जरा मवाळ (कमी जोराचे) भरलेले असेल किंवा मनगट सैल पडले असेल, तर पूर्ण आकाराच्या पिस्तुलात जी उणीव खपून गेली असती, ती इथे खपत नाही. मनगट सैल असेल तर सांगाडाही स्लाइडबरोबर मागे जातो आणि केस फेकण्यासाठी लागणारा जोर त्यातच वाया जातो.

म्हणून तुम्ही कोणती काडतुसे वापरता ते लिहा. सरावासाठी बहुतेक जण 115 ग्रेनची, म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम गोळीची काडतुसे घेतात, आणि त्यांतली काही बरीच मवाळ भरलेली असतात. माझ्या पिस्तुलाने पहिल्या तीनशे गोळ्यांपर्यंत त्यांच्याशी कुरकुर केली. 124 ग्रेनच्या, म्हणजे आठ ग्रॅम गोळीच्या काडतुसांशी कधीच केली नाही. पुढे स्प्रिंग बसली आणि भेद उरला नाही.

थोडे विषयांतर करतो. माझ्याकडे एक जुने वॉल्थर पीपीके आहे. हा नमुना 1931 चा. त्याचे थोरले भावंड पीपी 1929 मध्ये आले. माझे पिस्तूल 7.65 मिमीचे आहे, म्हणजे काडतूस 9 मिमीपेक्षा कितीतरी दुबळे, तरीही त्याचा धक्का तळहाताला अधिक तीक्ष्ण लागतो. त्यात नळी जागची हलत नाही, अडकण नाही, आणि सारा भार स्लाइडच्या वजनावर व स्प्रिंगवर असतो. लहान पिस्तूल म्हणजे सोपे पिस्तूल, हा समज त्या पीपीकेने माझ्या डोक्यातून कायमचा काढला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली माझी कातडी तर स्लाइडने दोनदा कापली आहे.

उत्तर (करंगळी):

माझा हात लहान आहे, त्यामुळे एक वेगळी बाजू मांडते. पॉलिमरच्या कॉम्पॅक्ट पिस्तुलांसोबत मुठीच्या मागे बसवायचे कमी-अधिक जाडीचे तुकडे बऱ्याचदा मिळतात. मी वर्षभर ते डब्यातच ठेवले होते, कारण पिस्तूल हातात बसत होते. बसणे आणि बोट ट्रिगरवर योग्य ठिकाणी पोहोचणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाड तुकडा काढून पातळ लावल्यावर माझे बोट टोकाने टेकण्याऐवजी पेराच्या मध्यावर टेकू लागले आणि बाजूला जाणाऱ्या गोळ्यांचे प्रमाण त्याच दिवशी कमी झाले. खाली जाणाऱ्या गोळ्यांना मात्र सरावाखेरीज उपाय सापडला नाही.

त्याआधी मी चेक बनावटीचे सीझेड 75 कॉम्पॅक्ट वापरत असे. ते संपूर्ण पोलादी, वजन नऊशे ग्रॅमच्या पुढे, आणि धक्का अतिशय सौम्य. पण त्याची स्लाइड सांगाड्याच्या आतून धावते, त्यामुळे बाहेर पकडायला फारच थोडी जागा राहते, आणि घाम आलेल्या बोटांनी ती मागे ओढणे मला जड जात असे. हलके पिस्तूल झाडायला कठीण आणि जड पिस्तूल हाताळायला कठीण, यांतले मी पहिले निवडले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

पातळ_तेल यांना विचारायचे आहे: तेल किती घालावे?

उत्तर (पातळ_तेल):

नाव पाहून विचारलेले दिसते. स्लाइड ज्या रुळांवर धावते तिथे एकेक थेंब, नळीच्या बाहेरच्या घासलेल्या भागावर पुसट हात, आणि निर्मात्याच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागा; बस. फायरिंग पिनच्या (काडतुसावर आघात करणाऱ्या खिळीच्या) पोकळीत तेल अजिबात घालू नये, कारण तिथे ते जळलेल्या कणांशी मिसळून चिखल होते आणि पिनची गती मंदावते.

साफसफाईचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घोडा नसलेली अनेक पिस्तुले, ग्लॉक धरून, उघडण्यापूर्वी ट्रिगर ओढावा लागतो. म्हणून क्रम कधीही चुकू देऊ नका: तोंड सुरक्षित दिशेला, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहणे आणि बोट घालून चाचपणे, आणि त्यानंतरच ट्रिगर. हा क्रम उलटला, म्हणजे आधी चेंबर रिकामे केले आणि मग मॅगझिन काढले, तर मधल्या क्षणी स्लाइडने नवे काडतूस आत ढकललेले असते. वर्षानुवर्षे पिस्तूल हाताळणारेही घाईत इथे चुकतात.

मूळ प्रश्नकर्ता (मध्यमनेम):

सर्वांचे आभार. गेल्या दोन शनिवारी सुचवलेले बहुतेक प्रयोग केले, त्यांचा वृत्तांत देतो.

डमी काडतुसांनी माझे पितळ उघडे पाडले. पाचपैकी चार वेळा पिस्तुलाचे तोंड स्पष्टपणे खाली गेले. साईटवर ठेवलेला ठपका मागे घेतो.

अंगठ्याविषयीचे निदानही खरे निघाले. मित्राने चार मॅगझिने झाडली आणि चारही वेळा स्लाइड मागे अडली. मी उजवा अंगठा डाव्या अंगठ्याच्या वर मोकळा ठेवू लागल्यावर बारापैकी दहा वेळा ती अडली. उरलेल्या दोन्ही वेळी एकच, म्हणजे दोन क्रमांकाचे मॅगझिन लावलेले होते. क्रमांक टाकले नसते तर हे मला कधीच कळले नसते.

केस अडकण्याबाबत मात्र काहीसे अनपेक्षित आढळले. मी सरावाची वही ठेवतो. त्यातल्या सात नोंदी पुन्हा पाहिल्या, तर पाच प्रसंग त्या त्या दिवशीच्या ऐंशीव्या गोळीनंतरचे आहेत. काडतुसे सुरुवातीला आणि शेवटी एकाच खोक्यातली होती, म्हणजे बदलले होते ते माझे मनगट. उरलेले दोन प्रसंग अगदी पहिल्या पन्नास गोळ्यांतले आहेत, आणि ते नव्या स्प्रिंगच्या खात्यावर टाकायला तीन_तोळे_पितळ यांची हरकत नसावी. आता मी दिवसाला साठ गोळ्यांवर थांबतो. पिस्तूल दुरुस्तीला पाठवत नाही.

उत्तर (तीन_तोळे_पितळ):

हरकत नाही. मात्र दोन क्रमांकाचे मॅगझिन उघडून त्यातली स्प्रिंग दुसऱ्या मॅगझिनच्या स्प्रिंगशेजारी उभी करून पाहा. ती लक्षात येण्याइतकी आखूड दिसली तर बदला. सारखीच दिसली तर काडतुसे वर ढकलणाऱ्या पट्टीची कड झिजली आहे का ते तपासा, कारण खटका उचलण्याचे काम तीच कड करते. तोपर्यंत ते मॅगझिन सामन्याच्या पिशवीत ठेवू नका, केवळ सरावाला वापरा.

उत्तर (मध्यमनेम):

पाहिली. चार वेटोळ्यांनी आखूड आहे. नवी मागवली.