मदत हवी आहे: नीकॅपच्या 'फाइन आर्ट'वर आयरिश जाणणाऱ्यांनी काय लिहिलंय?

बेलफास्टच्या नीकॅप या रॅप त्रिकुटाच्या 'फाइन आर्ट' अल्बमचं (जून २०२४) समीक्षकांनी कसं स्वागत केलं, यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. गाडी अडलीय भाषेपाशी.

इंग्रजी समीक्षा बऱ्याच वाचल्या. निर्माता टॉडला टीचं काम, अल्बमभर पबमध्ये घडणारी रात्र, मधले गप्पांचे तुकडे यावर भरभरून लिहिलंय. राजकारणावर तर विचारूच नका. पण बरंचसं रॅप आयरिश भाषेत आहे, आणि त्या ओळी रॅप म्हणून कशा आहेत यावर दोन वाक्यांपलीकडे कुणी जात नाही. 'थ्री सीएजी' (3CAG) हे गाणंच घ्या: आयरिशमधल्या 'तीन व्यंजनं आणि एक स्वर' याचं हे लघुरूप, म्हणजे एमडीएमए (MDMA) हा अमली पदार्थ. एवढा कोटीबाजपणा नावातच असेल, तर आत किती निसटत असेल!

गाण्यांचे बोल मशीन-भाषांतरातून काढून पाहिले. बोलीतले शब्द आले की पार खिचडी होते. यमकं, कोट्या तर त्यातून कळतच नाहीत.

कोचेला संगीत महोत्सव, कोर्टकचेरी हे नीकॅपचं २०२५चं प्रकरण माहीत आहे, त्याच्या लिंका नकोत. त्यांच्यावरच्या सिनेमाची परीक्षणंही नकोत. लेख मूळ आयरिशमध्ये असला तरी चालेल, शब्दकोश घेऊन बसेन. फक्त पैसे भरून वाचायचा नसावा.

तर आयरिश येणाऱ्या कुणी या अल्बमच्या शब्दांची, यमकांची, अल्स्टरच्या (आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांताच्या) बोलीची नीट चिरफाड केलेला लेख किंवा पॉडकास्ट कुणाला माहीत आहे का?