संस्कृतला 'विश्वभाषा' म्हणून सरकारी मान्यता: पण देणार कोण?

शांडिल्य
श्रावणी पौर्णिमेला संस्कृत दिनाचे फॉरवर्ड येतात, दुसऱ्या दिवशी सगळं शांत. माझं म्हणणं असं की भारत सरकारने संस्कृतला अधिकृतपणे विश्वभाषा जाहीर करावं आणि संयुक्त राष्ट्रांत तसा ठराव आणावा. घरात मान आहेच: १९५० पासून आठव्या अनुसूचीत, २००५ साली अभिजात दर्जा, २०१० पासून उत्तराखंडची दुसरी राजभाषा. बाहेरही आहे. ऑक्सफर्डमध्ये १८३२ पासून संस्कृतचं अध्यासन आहे, इंडोनेशियाच्या नौदलाचं ब्रीद 'जलेष्वेव जयामहे' आहे. २०१४ मध्ये योगदिनाला १७७ देश सहप्रस्तावक झाले. मग भाषेला का होणार नाहीत?

लिंबाचा पार
हा 'विश्वभाषे'चा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो म्हणे? संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा. सहावी अरबी, १९७३ साली आली, आणि पहिल्या तीन वर्षांचा खर्च अरब देशांनी उचलला. तिथे दर्जा म्हणजे हारतुरे नव्हेत. कागदांचं भाषांतर आलं, भाषणांना दुभाषी आले. ते संस्कृतात ऐकत कोण बसणार? योगदिनाने कुणाच्या खिशाला चाट लावली नव्हती.

आणि बोलणारे किती? मातृभाषा संस्कृत सांगणारे १९९१ च्या जनगणनेत ४९,७३६, २००१ मध्ये १४,१३५, २०११ मध्ये २४,८२१. मधल्या दहा वर्षांत पस्तीस हजार माणसं मुकी झाली का? प्रगणकाला काय सांगायचं याची हवा बदलली, एवढंच.

शांडिल्य
आकड्यांवर जाऊ नका. हिब्रू शेकडो वर्षं घराघरात बोलली जात नव्हती. १८८१ साली ती पुन्हा बोलती करायचा ध्यास घेतलेला बेन येहुदा जेरुसलेमला गेला, १९२२ मध्ये ती तिथल्या ब्रिटिश राजवटीची एक अधिकृत भाषा झाली.

तिरफळ
उदाहरण उलटं लागू होतंय. येमेनचा ज्यू आणि पोलंडचा ज्यू एकमेकांशी बोलणार कशात? त्यांना गरज होती. माझ्या घरात आई मालवणी बोलते, मी मराठी, मुलगी निम्मं इंग्रजी. त्यात संस्कृतची जागा कुठे रिकामी आहे ते दाखवा. आणि हिब्रूचा क्रम बघा की! आधी लोक बोलू लागले, सरकारचा शिक्का मागून आला.

घाटमाथा
मला वेगळंच खटकतं. ज्या भाषेचे दरवाजे घरच्यांनाच बंद होते, ती जगाची म्हणायची? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं, शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या हिमतीवर शिकले.

शांडिल्य
आणि तेच बाबासाहेब सप्टेंबर १९४९ मध्ये संस्कृतला राजभाषा करावं या दुरुस्तीच्या बाजूने उभे होते. तशी बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आली होती. संविधान सभेत नझिरुद्दीन अहमद यांनीही बाजू घेतली. मुद्दा काय, तर ही सगळ्यांनाच सारखी अवघड, कुणाला आयता फायदा नाही.

घाटमाथा
मान्य. पण तो तोडगा हिंदी विरुद्ध बाकीच्या भाषा या भांडणावरचा होता. तुम्ही मागताय तो मिरवायचा पट्टा. 'सगळ्यांना सारखी अवघड' हे तरी कितपत खरं? ज्याच्या घरी आजोबा रोज स्तोत्रं म्हणत आणि ज्याच्या आजोबांना देवळाच्या पायरीवरही उभं करत नसत, त्या दोघांना?

दहावी ब
वीस वर्षं संस्कृत शिकवते, म्हणून लिहिते. मुलं विषय घेतात कारण मार्क पडतात. बरीचशी उत्तरं मराठीत लिहिता येतात, सुभाषितं पाठ असतात, नव्वदच्या वर सहज. निकाल लागला की पुस्तक रद्दीत. माझ्या वर्गातून गेलेली किती मुलं आज एक पान वाचून समजून घेतील, हे मोजायची मला भीती वाटते. (घाटमाथा, तुमचा मुद्दा वर्गात रोज दिसतो. उच्चारांवरूनच कोण कुठल्या घरातलं ते कळतं, आणि कळलं की बाकीची मुलं गप्प होतात.)

सरकारला खरंच काही करायचं असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जावं. तिथल्या संस्कृत महाकोशाचं काम १९४८ मध्ये सुरू झालं, पहिला खंड १९७६ साली निघाला आणि एवढे खंड होऊनही गाडी 'अ'वरच आहे. तिथे दहा तरुण पंडित पगारावर ठेवा, दर्जाचं मग बघू.

शांडिल्य
कोशाला माझा विरोध नाही, पण दर्जा मिळाला की पैसाही येतो. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळे नाचलोच ना?

तिरफळ
नाचलो. आमच्या गावची मराठी शाळा त्या दिवशीही पटाअभावी बंदच होती.

लिंबाचा पार
शांडिल्यराव, इतके प्रतिसाद दिलेत, सगळे मराठीत. एक तरी विश्वभाषेत होऊन जाऊ द्या.

शांडिल्य
अहं संस्कृतेन लेखितुं शक्नोमि, किन्तु समयः न अस्ति।

दहावी ब
शुद्ध आहे. संधी केलात तर 'समयो नास्ति'. पूर्ण मार्क.