या आठवड्यात रात्री आकाशात नक्की काय बघायचं? (गोव्यातून)

म्हापश्याची_आई – ११ डिसेंबर २०२५
नमस्कार मंडळी, मुलगी सातवीत आहे आणि तिच्या शाळेच्या ग्रुपवर नुसता फॉरवर्डचा रतीब चाललाय. एकात म्हणे दुसऱ्या सूर्यमालेतून आलेला धूमकेतू १९ तारखेला पृथ्वीजवळून जाणार आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणार, दुसऱ्यात उल्कांचा पाऊस, तिसऱ्यात मंगळावरचं यान हरवलं. यातलं खरं काय आणि बघण्यासारखं काय? घरी टेलिस्कोप नाही, नवऱ्याचा जुना बायनॉक्युलर तेवढा आहे. आमच्याकडे हायमास्टचा उजेड इतका की गच्चीवर रात्री पेपर वाचता येतो, तर शनिवारी गाडी काढून कुठे जावं तेही सांगा. एकदम रानात नको, सासूबाई पण येते म्हणतायत.

सत्तरीकर
ताई, बाकी सगळं सोडा आणि शनिवारची रात्र धरा. जेमिनिड्स आहेत, मिथुनेतल्या उल्का, वर्षातला सगळ्यात भरवशाचा उल्कावर्षाव. ऑगस्टमधल्या पर्सिड्सचं सगळे कौतुक करतात पण तेव्हा आपल्याकडे पाऊस, आकाश दिसतंय कुणाला. यंदा चंद्र पण आडवा येत नाही, शनिवारी रात्री तो दीड-दोनच्या सुमारास उगवेल आणि तोही कोरच. पुस्तकात तासाला १२० ते १५० उल्का लिहितात, पण तो हिशोब एकदम काळ्याकुट्ट आकाशाचा आणि उल्कांचं उगमस्थान बरोबर डोक्यावर असतानाचा, आपल्याला चांगल्या जागी तासाला चाळीस-पन्नास मिळाल्या तरी चंगळ समजा. रात्री दहानंतर सुरू करा, अडीचच्या आसपास मिथुन रास जवळजवळ डोक्यावर येते.

ओळखायला सोपी आहे, पूर्वेला सगळ्यात झगझगीत दिसतो तो गुरू, आणि त्याच्याजवळ पुनर्वसूचे दोन तारे. पण तिकडेच टक लावून बसू नका, उल्का आकाशात कुठेही दिसते. बायनॉक्युलर उल्कांसाठी बिनकामाचा, तो गुरूसाठी ठेवा. मोबाइल खिशात, डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितला की परत पहिल्यापासून.

मुलीला हे सांगा, बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूच्या धुळीचे असतात पण हा फेथन नावाच्या लघुग्रहाचा आहे, १९८३ मध्ये आयरास उपग्रहाच्या निरीक्षणांत सापडलेला. तो सूर्याला फेरी मारताना बुधाच्याही आत जातो.

जागा म्हणाल तर चोर्ला घाट सगळे सुचवतील, मी नाही सुचवणार. रात्रभर ट्रक, त्यांचे हेडलाइट थेट डोळ्यांत, वर पहाटे धुकं. त्यापेक्षा वाळपईच्या बाजूला कुणी ओळखीचं असेल तर त्यांचं अंगण गाठा. फक्त जवळपास जत्रा नाही ना ते विचारून घ्या, नाहीतर रात्रभर लायटिंग आणि नाटक.

काणकोणची_सुलू
दक्षिणेत यायची तयारी असेल तर आमच्याकडे आकाश बरंच काळं आहे, पण गालजीबाग आणि आगोंदच्या वाळूवर टॉर्च घेऊन फिरू नका प्लीज, कासवांचा अंडी घालायचा सीझन चालू झालाय, उजेडाने मादी परत फिरते. आणि इथपर्यंत आलात तर दक्षिणेला अगस्त्य तारा बघाच, मध्यरात्रीनंतर क्षितिजापासून वीसेक अंश वर असतो, वर व्याध आणि खाली अगस्त्य. दिल्लीवाल्यांना तो जेमतेम क्षितिजावर दिसतो.

मडगावचा_नास्तिक
धूमकेतूचं मी सांगतो कारण तो म्हणजे एलियनचं यान आहे असले फॉरवर्ड वाचून डोकं उठलंय. नाव थ्रीआय अ‍ॅटलस, १ जुलै २०२५ ला चिलीतल्या दुर्बिणीने शोधला. दुसऱ्या ताऱ्याकडून आलेली सापडलेली ही तिसरीच वस्तू, आधी २०१७ मध्ये ओमुआमुआ आणि २०१९ मध्ये बोरिसॉव्ह. त्यामुळे भारी आहेच, त्यात वाद नाही. पण १९ तारखेला ‘जवळून’ म्हणजे किती, तर २७ कोटी किलोमीटरवरून, सूर्य आपल्यापासून १५ कोटीवर आहे त्यावरून काय ते समजा. नुसत्या डोळ्यांनी अजिबात दिसणार नाही, बायनॉक्युलरने पण नाही, चांगला मोठा टेलिस्कोप लागतो आणि त्यातही फिकट डाग. नासाने नोव्हेंबरमध्ये फोटो दाखवून स्पष्ट सांगितलंय की धूमकेतूच आहे.

मंगळाच्या यानाची बातमी मात्र खरी. मेव्हन, २०१४ पासून मंगळाभोवती फिरत होतं, आपलं मंगळयान पोचलं त्याच आठवड्यात तेही पोचलेलं. ६ डिसेंबरला मंगळाच्या मागे गेलं, बाहेर आल्यावर सिग्नलच आला नाही. आणि ९ तारखेला स्पेस स्टेशनवरून तिघे आठ महिन्यांनी सोयुझमधून उतरले, शुभांशु शुक्ला जून-जुलैत वर होता तेव्हा हे तिघे तिथेच होते. मुलीच्या ग्रुपवर टाकायला ही बातमी जास्त चांगली.

म्हापश्याची_आई
थँक्यू सगळ्यांना! शनीची कडी बघायची तिची फार इच्छा आहे, ती बायनॉक्युलरने दिसतील का?

सत्तरीकर
नाही, आणि यंदा तर टेलिस्कोपने पण निराशाच. शनी संध्याकाळी सातला दक्षिणेकडे चांगला वर असतो, पण कडी सध्या आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसतायत, त्यामुळे गोळ्यातून सुई आरपार गेल्यासारखी रेघ दिसते फक्त. दर चौदा-पंधरा वर्षांनी असं होतं. पुढच्या एक-दोन वर्षांत परत उघडतील. पणजीला असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमीची मंडळी आहेत, बरीच वर्षं जुन्ता हाऊसच्या गच्चीवरून लोकांना आकाश दाखवत आलीयत, आधी चौकशी करून तिला घेऊन जा.

म्हापश्याची_आई – १४ डिसेंबर
गेलो होतो काल! नवऱ्याच्या मामांकडे, वाळपईच्या पुढे, मामांनी अंगणातला बल्ब काढूनच ठेवलेला. सासूबाई आरामखुर्चीत, आम्ही चटईवर, दव इतकं की बाराला चादर पिळायची पाळी. पहिला अर्धा तास काहीच नाही, मुलगी वैतागली, नवरा घोरायला लागला, आणि मग सासूबाईच ओरडल्या, ‘गो, ती बघ!’ पिवळसर, मोठी, व्याधाच्या बाजूने सावकाश खाली गेली, मागे रेघ राहिली क्षणभर. मला वाटायचं उल्का म्हणजे डोळा मिटायच्या आत गायब. त्यानंतर दोन वाजेपर्यंत येतच होत्या, तीसच्या पुढे मोजायचं सोडलं.

एक शंका, गुरूजवळ बायनॉक्युलरने दोनच ठिपके दिसले, चंद्र चार ना?

सत्तरीकर
मोठे चारच, पण त्यातले आतले दोन गुरूच्या झगझगाटात हरवतात, कधी पुढे-मागे पण गेलेले असतात. त्यातला आयो नावाचा चंद्र तर पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, म्हणून रोज चित्र वेगळं. बायनॉक्युलर हातात न धरता कठड्यावर टेकवून बघा, आणि त्यासाठी वाळपईला जायची गरज नाही, हायमास्टखाली पण दिसतात. सावकाश पडल्या कारण जेमिनिड्स सेकंदाला ३५ किलोमीटरने येतात, पर्सिड्स ५९ ने. आज रात्री पण बऱ्यापैकी असतील, सासूबाईंना विचारा.