चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले, की दोष चालकाचाच का?

तळटीप : ‘इंधनाअभावी चालती गाडी बंद पडली, तर शंभरातील नव्याण्णव वेळा दोष टाकी रिकामी ठेवणाऱ्या चालकाचाच असतो’ असे ‘जुना पाना’ यांनी काल या चर्चामंचावर ठामपणे लिहिले आणि त्यावर माना डोलल्या, म्हणून हे सविस्तर लिहावे लागत आहे. टाकीतील पंप भोवतालच्या इंधनाने थंड राहतो, त्यामुळे कायम रिझर्व्हवर गाडी हाकू नये, हे मान्यच आहे. परंतु मग टोयोटाने २०२० मध्ये आणि होंडाने २०२३ च्या अखेरीस इंधन पंपासाठी लाखो गाड्या परत का बोलावल्या? होंडाच्या त्या एका रिकॉलमध्ये जगभरातील सुमारे ४५ लाख गाड्या होत्या. त्या पंपांतील प्लास्टिकचा इम्पेलर, म्हणजे इंधन पुढे ढकलणारे फिरते चाक, पुरेशा घनतेचा नव्हता. तो इंधन शोषून फुगायचा, कवचाला घासायचा आणि पंप अडकायचा. टाकी भरलेली ठेवून हे टळणार नव्हते, कारण इंधनात बुडून राहणे हेच त्याचे दुखणे होते. भर वेगात इंजिन गेले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, एकदोन दाबांपुरताच साथ देतो. अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसाला ‘काट्याकडे लक्ष ठेवा’ असे सांगणे मला असभ्य वाटते.

जुना पाना : आपण दोन कंपन्यांची नावे घेतलीत, मी आयुष्यभर टाक्या उतरवल्या आहेत. जळालेला पंप आणि गाळाने भरलेली जाळी ज्या गाड्यांत सापडते, त्यांचा काटा बहुधा तळालाच असतो. रिझर्व्हवर चालवले, की तळाचा गाळ ओढला जातो, एवढे तरी मान्य कराल की नाही?

तळटीप : नाही करणार. पंपाचे तोंड टाकी भरलेली असतानाही तळाशीच असते, त्यामुळे गाळ ओढायचा तर तो रोजच ओढतो. वळणावर किंवा चढावर पंपात हवा शिरते, हा मुद्दा आपण मांडला असता तर तो मी ऐकला असता.

जुना पाना : कमी इंधन जास्त हिंदकळते आणि गाळ ढवळते, हे पुस्तकात नसावे. तरीही आपल्या समाधानासाठी नव्याण्णवाचे सत्तर करतो. त्याखाली उतरणार नाही.

क्लचपाय : सत्तर हा आकडा तरी कशाने मोजला? माझी गाडी तापली की बंद पडायची आणि थंड झाली की निमूटपणे सुरू व्हायची. गॅरेजमध्ये ऐकताक्षणी ‘पंप गेला’ असे निदान झाले, नवा पंप बसला आणि गाडी पुन्हा भर रहदारीत थांबली. दोष क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरते आहे हे संगणकाला कळवणाऱ्या सेन्सरचा निघाला. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नव्हता, हे पाहण्याची तसदी कोणीही घेतली नव्हती. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरबाहेर इंधन फवारणाऱ्या) पेट्रोल गाडीत इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतील, म्हणजे रेलमधील, दाब साधारण ३ ते ४ बार असतो आणि तो मोजायला एक गेज पुरतो. ते न लावता पंप बदलणाऱ्यांनी चालकांच्या सवयींवर प्रवचन देऊ नये.

जुना पाना : गेज न लावणाऱ्यांचा राग माझ्यावर काढू नका. मी लावतो.

काठोकाठ : वाद रिझर्व्हचा चालला आहे, म्हणून सांगतो. मी नेहमी गळ्यापर्यंत टाकी भरतो, नोझलचा खटका पडल्यावरही थोडे घालायला लावतो, आणि माझा पंप उत्तम आहे. गाडी बंद पडते ती केवळ इंधन भरल्यानंतर लगेच, आणि तेवढे चालायचेच.

क्लचपाय : ‘चालायचेच’? खटका पडल्यावर भरलेले इंधन वाफेच्या वाटेने कॅनिस्टर नावाच्या डब्यात शिरते. त्यातील कोळसा वाफ धरून ठेवण्यासाठी असतो, द्रवरूप इंधन पिण्यासाठी नव्हे. त्या कोळशाची भुकटी पर्ज व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे ती वाफ इंजिनकडे सोडणाऱ्या झडपेत, अडकली, की तो उघडाच राहतो आणि भरल्याबरोबर वाफेचा लोंढा थेट इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवेच्या वाटेत, जातो. मिश्रण प्रमाणाबाहेर ‘रिच’ झाल्यामुळे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन फार वाढल्यामुळे, आपले इंजिन गुदमरते.

काठोकाठ : जुन्या कार्बोरेटरच्या गाडीतही मी असेच भरत आलो आणि कोणताही कोळसा आडवा आला नाही. मला शिकवण्यापूर्वी स्वतःच्या गाडीचे निदान नीट करून घ्यायला हवे होते.

क्लचपाय : वैयक्तिक होण्याची आपली तयारी मोठी आहे, तेवढीच तयारी व्हॉल्व्ह तपासण्याची दाखवा.

तळटीप : मूळ प्रश्न कंपनीच्या सदोष पंपाचा होता आणि आपण सर्वजण कॅनिस्टरमध्ये शिरला आहात. ‘काठोकाठ’ यांच्या गाडीचा पंप शाबूत, टाकी भरलेली आणि तरीही इंजिन बंद पडते. मग ‘जुना पाना’ यांच्या सत्तरांत ती बसते की तिसांत?

जुना पाना : सत्तरांत. गळ्यापर्यंत भरणारा हासुद्धा चालकच असतो. मात्र टाकी रिकामी नव्हती, हे नाइलाजाने नोंदवतो. ‘काठोकाठ’, पर्ज व्हॉल्व्हची वायरिंग आणि नळ्या काढा आणि त्यात हातपंपाने हवा भरून पाहा. वीज तोडलेली असताना त्यातून हवा आरपार जाता कामा नये. गेली, तर व्हॉल्व्ह बदला आणि मग खुशाल या ‘क्लचपाय’ बाईंशी भांडा.